नळाच्या दिवशी श्रेया टाइप करत होती

निळी नळी, तीस फूट. दोन ठिकाणी काळी चिकटपट्टी.

रुळाचा एक तुकडा. नेणारा कोण, माहीत नाही.

"माणूस नदीजवळ का राहिला?"
"कारण तेव्हा टँकर नव्हते."

पिवळ्या टोपड्यातलं बाळ. कुणाचं, तेही माहीत नाही.

किराणा दुकानानं दिवाळीत वाटलेलं कॅलेंडर, ऑक्टोबरचं पान, मागची बाजू. पेन्सिलीनं लिहिलेलं: सायकलवरून

गुडघे.

*

कालिंदी बाई या मे महिन्यात निवृत्त झाल्या. नववीत त्या आम्हाला भूगोल शिकवायच्या. निवृत्तीनंतर आठ दिवसांनी त्यांनी आमच्या जुन्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं: "मुलांनो, हा गट आता बंद करू का? चर्चा करा. नियम तोच."

गटाचं नाव 'तासानंतर ९ ब'. सात वर्षं झाली. निम्मे नंबर बंद पडलेत. उरलेल्यांपैकी सुयश शेंद्र्याला कंपनीत आहे, त्याचं उत्तर पहिलं आलं.

"नळ आला बाई, जातो."

त्याच्या मागोमाग अकरा जणांनी तेच लिहिलं. त्यातले चार जण पुण्यात राहतात, एक जण बंगळुरूला. तिथं रोज नळ येतो. पण आमच्याकडे बोलणं संपवायची ही पद्धत तेव्हापासून पडलेली आहे.

मी एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुयशकडून गटातल्या सगळ्या गप्पांची फाइल मागवून घेतली आणि फाइलमध्ये माझं नाव शोधलं. एकशे बारा मेसेज निघाले.

माझे त्यात नऊ.

*

पस्तीस मिनिटांच्या तासात प्रश्न विचारून होतो. उत्तर होण्याआधी घंटा होते. बाईंना याचा राग होता. म्हणून २०१८ च्या जुलैत त्यांनी गट काढला. नियम त्यांनी फळ्यावर लिहून दिले होते आणि माझ्या मागच्या बाकावरच्या दीपमालानं ते वहीत उतरवून घेतले होते. तिच्या वहीचा फोटो फाइलमध्ये आहे.

संध्याकाळी सात ते आठ. आल्यावर 'हजर' लिहायचं. फुलांची चित्रं, सुप्रभात, देव, काहीही पाठवायचं नाही. नुसतं 'सहमत' चालणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: आधी दुसऱ्याचं, मग आपलं. म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी एक वाक्य घ्यायचं, तो काय म्हणतो ते आपल्या शब्दांत लिहायचं, त्यानंतर 'मला वाटतं'.

पहिला प्रश्न: माणूस नदीजवळ का राहिला?

सुयश: कारण तेव्हा टँकर नव्हते

बाई: सुयश, आधी दुसऱ्याचं.

सुयश: दुसऱ्या कोणी लिहिलंच नाही बाई

दीपमाला: नळ आला. जाते.

सत्यम: आमच्याकडे उद्या आहे. आजच भरून घ्या रे

हे नळाचं बाईंनी नियमांत धरलं नव्हतं. आमच्या शहरात पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, नंतर सहा, नंतर सात. प्रत्येक भागाचा दिवस वेगळा. कडुबा लाइनमन लांब दांड्याची चावी फिरवून गेला की पुढचा पाऊण तास त्या गल्लीत कुणीही कुणाचं नसायचं. टाकी, ड्रम, हंडे, कळश्या, कुकरसुद्धा. महिनाभरात बाईंनी गटातच वेळापत्रक टाकलं: कुणाच्या घरी नळ कधी. त्या दिवशी गैरहजेरी माफ.

पूर्ण नववी ब ला एकमेकांचे नळाचे दिवस पाठ होते. वाढदिवस नव्हते.

*

वर्गात मी बोलत नसे. का, याला कारण नाही. नाव पुकारलं की 'हजर', बास.

फोन आबांचा होता. आबा म्हणजे माझे आजोबा, बद्रीनाथ. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. बाबांचा फोन बाबांबरोबर शिफ्टला जायचा आणि आईकडे बटणाचा होता, म्हणून बाईंनी आबांचा नंबर 'श्रेया' म्हणून गटात घातला.

पहिल्याच आठवड्यात एकदा मी सातच्या सुमारास गिरणीत अडकले. परत आले तर आबा चष्मा कपाळावर सरकवून बसलेले.

"तुझी हजेरी लावली म्या," ते म्हणाले. "सात वाजले व्हते."

"बरं केलं."

"ते सुयश कोन हाय गं?"

"कडेच्या घरात नवीन आलेत, त्यांचा. का?"

"पोरगं इनोदी हाय. पन त्याला कोनी उत्तरच दिलं नाय."

"मग?"

"म्या दिलं."

फाइलमध्ये ते उत्तर आहे. माझ्या नावानं.

"सुयश म्हणतो की तेव्हा टँकर नव्हते. हे खरे आहे. टँकर नसतो तेव्हा माणूस पाण्याकडे जातो. टँकर आल्यावर पाणी माणसाकडे येते. मला वाटते, पाणी स्वतःहून माणसाकडे चालत आले तर माणसाने कुठे जावे, याचाही विचार व्हावा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी हे वर्गात मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिल्या. मी बाकावर कोरलेल्या एका बदामाकडे बघत राहिले.

सुयश मधल्या सुट्टीत आला. "माझ्या जोकवर एवढं कोणी लिहितं का? सॉलिड आहेस तू."

मी डबा खात राहिले.

*

मला सुटल्यासारखं झालं होतं, हे लपवत नाही. सात वाजता फोन आबांच्या हातात द्यायचा आणि आपण मोकळं. बाई खूश. आबा तर काय.

त्यांची पद्धत होती. चार वाजता चहा झाला की बाईंचा प्रश्न कॅलेंडरच्या जुन्या पानामागे पेन्सिलीनं उतरवायचा. त्याखाली विचार लिहायचे. खोडायचे. सातला एका बोटानं टाइप करायला बसायचे. बोट वर्कशॉपचं, जाड. एका अक्षराला तीन वेळा आपटायचं. बोलताना 'म्या' आणि 'व्हय' म्हणणारा माणूस लिहायचा मात्र पुस्तकातल्यासारखं. शाळेत असंच शिकवलंय, म्हणायचे.

"शाळेत किती शिकले आबा तुम्ही?"

"नववी."

"पास?"

"अर्धी," ते म्हणाले आणि पुन्हा बोट आपटू लागले.

दिवाळीनंतर आई म्हणाली, "अहो मामंजी, पोरीला बी लिहू द्या की कवातरी."

"ती लिहिती की. म्या नुसतं बोट हाय."

आई माझ्याकडे बघून हसली. मी पाट्यावर मिरच्या वाटत होते.

सुयश गल्लीत भेटला की म्हणायचा, "गटावर एवढी बोलतेस, इथं काय तोंडाला कुलूप?" तो चिडवायचा तरी थांबून उभा राहायचा. तो कुणाच्या उत्तराची वाट बघतोय हे मला कळायचं, आणि ती मी नाही हेही.

*

११ डिसेंबर २०१८. प्रश्न: धरणाचं पाणी कोणाचं?

जायकवाडी त्या वर्षी भरलं नव्हतं. बाईंनी धरण नकाशात दाखवलं होतं, पैठणच्या वरच्या अंगाला, निळ्या खडूनं. वर्गात यावर भांडण झालं. सत्यम म्हणाला शेतीचं. दीपमाला म्हणाली शहराचं, कारण शहरात माणसं जास्त. कुणी म्हणालं कंपन्यांचं, कुणी म्हणालं नाशिकचं. घंटा झाली.

संध्याकाळी सातला दहा कमी असताना नळ आला. आमच्या गल्लीचा दिवस होता, तो सहाव्या दिवशी आला होता. आई टाकीवर, मी गल्लीत, हातात निळी नळी. सुयशच्या घरचा नळ उंचावर, त्यांच्याकडे धार लागायची नाही, म्हणून तो दोन कॅन घेऊन आमच्या नळीशी उभा. त्याचा फोन खिशात वाजला. त्यानं काढून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा फोनकडे.

त्यानं स्क्रीन माझ्यासमोर धरली.

श्रेया टाइप करत आहे…

माझ्या दोन्ही हातांत नळी होती.

"पायानं टाइप करतीस का तू?" सुयश म्हणाला.

मी नळी ड्रममध्ये आणखी आत सरकवली.

"घरात कोण आहे?"

"कोनी नाय."

"कोनी नाय लई भारी लिहितं मग."

ड्रम भरून वाहायला लागला. आत आबा बसलेले होते. नळ आल्याचं त्यांना कळलं असणारच, सगळी गल्ली ओरडत होती. पण गटावर 'नळ आला' लिहायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. नळ आला की आबा कधीच उठत नसत. एक कळशीसुद्धा त्यांनी भरलेली मला आठवत नाही. खिडकीशी पाठ करून बसायचे.

मेसेज आला. सुयशनं तो तिथंच, पाण्यात उभं राहून, मला वाचून दाखवला.

"दीपमाला म्हणते की जिथे माणसे जास्त तिथले पाणी. आमच्या आबांच्या गावात माणसे कमी होती. धरण झाले तेव्हा आबा नववीत होते. शाळेचे पत्रे आधी काढले, नंतर दारे, नंतर बाके बैलगाडीत गेली. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला होता, तो कोणी नेला हे कळले नाही. गुरुजी म्हणाले, उरलेला धडा नवीन गावात घेऊ. नवीन गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढे एका उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले तेव्हा आबा सायकलवर बघायला गेले. शाळेचा ओटा दिसत होता. ते सायकलवरून उतरले नाहीत. मला वाटते"

एवढंच. 'मला वाटते' नंतर काही नव्हतं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आई-बाबांना माहीत होतं की नाही कोण जाणे. माझ्या आबांची गोष्ट, माझ्याच नावानं लिहिलेली, शेजारचा मुलगा मला वाचून दाखवत होता आणि मी ती पहिल्यांदा ऐकत होते.

"पाणी बंद कर ना," सुयश म्हणाला. त्याचे बूट भिजले होते.

*

सुयशला हे वर्गात सांगायचं नव्हतं. नंतर त्यानं मला हे किमान पाच वेळा सांगितलंय. दुसऱ्या दिवशी बाईंनी तो मेसेज वाचला आणि पुस्तक मिटून ठेवलं.

"श्रेया, ते सायकलवरून का उतरले नाहीत? 'मला वाटते'च्या पुढे काय लिहिणार होतीस?"

मी उभी.

"तुला काय वाटतं ते सांग. थोडक्यात सांगितलंस तरी चालेल."

मी उभीच.

"तूच लिहिलंस ना?"

आणि सुयशच्या तोंडून निघून गेलं, "बाई, ती नळावर होती."

दुसऱ्या कुठल्या वर्गात या वाक्याला कुणी पुरावा मानलं नसतं. आमच्यात कुणी हसलंही नाही. सगळ्यांनी मनात दिवस मोजले. पुंडलिकनगर, अकरा तारीख, सातला दहा कमी. चाळीस जण माझ्याकडे वळले.

"माझे आबा लिहितात, बाई," मी म्हणाले. त्या वर्गातलं माझं पहिलं पूर्ण वाक्य हे होतं.

*

स्टाफरूममध्ये बाई म्हणाल्या, "बस." मी बसले नाही.

"मी त्यांना काढणार आहे गटातून. रागानं नाही. एवढ्या मुलामुलींचे नंबर आहेत त्यात. मला माहीत नसलेला एक मोठा माणूस पाच महिने त्यांच्याशी बोलतोय. आबा असले तरी. पालकांना मी काय सांगू?"

"काढू नका बाई."

"तू लिहिशील आता स्वतः?"

"लिहीन. पन त्यांना ऱ्हाऊ द्या."

"ते कसं?"

मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की चार वाजता चहा होईल, कॅलेंडरचं पान उलटं होईल, आणि सातला फोन उघडणार नाही.

"माझे मार्क कापा," मी म्हणाले.

"मार्क तर कापणारच आहे," बाई म्हणाल्या. "ते वेगळं."

*

१२ डिसेंबर, सायंकाळी ५:४०. फाइलमधली ओळ: कालिंदी बाई यांनी श्रेया यांना काढले.

सात वाजता आबा म्हणाले, "आज लिहूच देईना गं हे. रेंज नाय का?"

मी सांगितलं. नळी, सुयश, वर्ग, बाई, सगळं.

ते ऐकत राहिले. चष्मा काढून डबीत ठेवला. डबी दोनदा उघडून बंद केली.

"बरं झालं," ते म्हणाले. "चोरूनच बसलो व्हतो."

त्यानंतर दोन दिवस चार वाजता चहा झाला आणि आबा नुसते बसले. आईनं कॅलेंडरची पानं रद्दीत घातली होती. मी ती काढून माझ्या दप्तरात ठेवली. सातला मी म्हणाले, "आबा, पत्ते खेळायचे का?" तर म्हणाले, "अभ्यास कर."

शुक्रवारी बाईंचा फोन आला. मला नाही, आबांना. त्यांनी तो उभं राहून घेतला.

"व्हय… व्हय बाई… नाय, चूक माझीच… उंद्या? म्या कशाला… न्हाई, ते बरोबर हाय, पन…" मग बराच वेळ ऐकलं. "बरं," म्हणाले.

फोन ठेवून मला म्हणाले, "शनिवारची सकाळची शाळा अस्ती ना तुमची?"

"हां."

"सदरा इस्त्रीचा हाय का बघ."

*

आबा शेवटच्या बाकावर बसले. गुडघे आत मावेनात, म्हणून तिरपे बसले. हातात ऑक्टोबरचं पान, चार घड्या घातलेलं. ते मीच परत दिलं होतं. पोरं वळून वळून बघत होती. सुयशनं जागेवरून हळूच नमस्कार केला. आबांनी त्याच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "टँकर?" सुयश लाल झाला.

बाईंनी हजेरी घेतली. पटावरची नावं संपली. त्यांनी पेन्सिल घेतली, तळाशी काहीतरी लिहिलं.

"बद्रीनाथ."

"हजर," आबा म्हणाले. पटकन. जसं काही विचारायचंच होतं कुणीतरी.

"प्रश्न तोच," बाई म्हणाल्या. "धरणाचं पाणी कोणाचं? आबा, तुमचं वाक्य अर्धं राहिलंय."

आबा उठले. पान उघडलं. पानाकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं, पुन्हा पानाकडे. मी इतके दिवस वर्गात कशी उभी राहत असेन ते मला तेव्हा दिसलं. अगदी तसेच उभे होते. पंखा फिरत होता. त्यांनी पान पुन्हा घडी केलं आणि बसले.

"सवय नाय," म्हणाले.

नियमाप्रमाणे कुणाला तरी त्यांचं वाक्य उचलायला हवं होतं. एरवी गटावर चाळीस बोटं धावली असती.

मी उभी राहिले.

"माझे आबा म्हणतात," मी म्हणाले, "की ते सायकलवरून उतरले नाहीत."

आवाज बारीक निघाला. दीपमालानं मागे सरकून जागा करून दिली, जणू बोलायला जागा लागते.

"मला वाटतं," मी म्हणाले, "आमच्याकडं नळ आला की आबा उठत नाहीत. सगळी गल्ली पळते, ते बसून ऱ्हातात. खिडकीकडं पाठ करून. मला आतापर्यंत वाटायचं, गुडघे दुखतात. मला वाटतं, गुडघे नाहीत."

शेवटच्या बाकावरून आबांचा आवाज आला.

"गुडघंच हायेत गं."

आधी सुयश हसला. मग सगळे. मग बाई, पदर तोंडाला लावून. आबाही हसत होते, डोळे पुसत होते, आणि त्यातलं कुठलं आधी सुरू झालं ते मी बघितलं नाही, कारण मी उभीच होते आणि मला अजून बोलायचं होतं.

*

त्यांना गटात पुन्हा घेतलं नाही. एप्रिलपर्यंत दर शनिवारी ते वर्गात आले, तिरपे बसले. एकदाच बोलले, तेही मातीच्या प्रकारांबद्दल. सातला गटावर मी लिहायचे, एका बोटानं नाही, दोन अंगठ्यांनी, आणि ते शेजारी बसून विचारायचे, "सुयश काय म्हनला?" माझे नऊ मेसेज त्या दिवसांतले आहेत, बाईंनी 'श्रेया (स्वतः)' या नावानं नंबर पुन्हा जोडल्यानंतरचे. आबा हात मागे बांधून बसायचे, फोनला लावायचे नाहीत. शब्द दिलाय, म्हणायचे.

शनिवारचं मात्र कुठल्याच फाइलमध्ये काही नाही.

आबा तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा नंबर कंपनीनं दुसऱ्या कुणाला तरी दिलाय. माझ्या फोनमध्ये तो अजून 'आबा' आहे आणि फोटोत पिवळ्या टोपड्यातलं बाळ आहे. बाळ आता मोठं झालं असणार, फोटो बदललेला नाही.

बाईंच्या प्रश्नावर मी काल लिहिलं. "सुयश म्हणतो, नळ आला. मला वाटतं, गट असू द्या."

जून २०१८. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात आबांनी पैठण गेटजवळच्या दुकानातून नववीची पुस्तकं आणली. भूगोलाची दोन होती.